समुद्राकडे पाठ

दिवाळीच्या चार दिवसांत कुणाला बोल लावू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण गेल्या दिवाळीत आमच्याच आळीत एक गोष्ट पाहिली, आणि तेव्हापासून बोलल्यावाचून राहवत नाही.

शेजारच्या अंगणात मुलांनी सिंधुदुर्ग बांधला होता. तट नागमोडी, बुरूज घोटून गुळगुळीत केलेले आणि भोवती निळीचे पाणी घालून केलेला समुद्र. महाराजांनी या किल्ल्याचा पाया १६६४ साली घातला, हे त्यांतल्या सर्वांत धाकट्यालाही पाठ होते. मी सहज विचारले, "काय रे, आत्ता समुद्राला भरती आहे की ओहोटी?" पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. नववीतला थोरला म्हणाला, "थांबा आजोबा, मोबाइलवर बघून सांगतो." खरा समुद्र तिथून तीनशे पावलांवर होता. त्याची गाज ऐकू येत होती!

मुलांना मी हसलो नाही. हसावयाचे तर त्यांच्या आईबापांना, आणि त्यांच्याही आधी मला स्वतःला.

कोकणातल्या जुन्या किनारी गावांची ठेवण पाहा. दिवेआगर घ्या, गुहागर घ्या. मधून रस्ता जातो. समुद्राच्या अंगाची घरे रस्त्याकडे तोंड करून उभी. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडे आणि बेड्यापलीकडे वाळू. ज्यांनी ही घरे बांधली ते शहाणे होते. खाऱ्या वाऱ्याला त्यांनी वाडी आडवी घातली. घराने समुद्राकडे पाठ केली, ते ठीकच झाले. पण पुढे घरातल्या माणसांनीही ती केली, हे मात्र शहाणपण नव्हे.

आम्हां पांढरपेशांच्या घरांत समुद्राविषयी दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, "समुद्रावर जाऊ नकोस." दुसरे, "तिथे काय ठेवले आहे?" मी संध्याकाळी धक्क्यावर गरी टाकून बसतो, तर जाणारे-येणारे "काय, रिकामा उद्योग का?" म्हणून विचारतात. तोच मी ओटीवर बसून दोन तास मोबाइल चाळला, तर मला कुणी रिकामटेकडा म्हणणार नाही. मुलाने शिकवणीला दोन तास घातले तर तो अभ्यास. ओहोटीच्या वाळूत दोन तास घातले तर उनाडकी.

या पहिल्या वाक्याची किंमत मी मोजता मोजता राहिलो आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. समुद्रावर जावयाचे नाही, अशी माझी सक्त ताकीद असे. मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी तो दोघा मित्रांबरोबर कुर्ल्या धरावयास खडपावर गेला; अर्थात चोरून. नऊला गेला तेव्हा पाणी दूर होते. साडेदहाला मान वर करून पाहतो, तो मागच्या घळीत पाणी शिरलेले. पोरे रडकुंडीला आली. कालवे काढणारी एक म्हातारी परत निघाली होती. ती ओरडली, "आज बीज हाय, पोरांनू! पानी भराभर चडतंय. माज्या मागसून या." कुठे कमरेएवढे पाणी आणि कुठे गुडघ्याएवढे, हे तिला ठाऊक होते. तिने तिघांना काठाला आणले.

मुलगा घरी आला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. आज वाटते, ती माझ्या थोबाडीत बसावयास हवी होती. माझ्या ताकिदीने मुलाचे जाणे थांबले नव्हते. फक्त जाण्यापूर्वी विचारणे थांबले होते.

कुणी म्हणेल, समुद्र माणसे खातो, त्याचे काय? खातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ते आठवले की आजही पोटात कालवते. पण म्हणूनच मी म्हणतो, भीती पुरेशी नाही, माहिती हवी. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मे पाणी चढते, हे किती आईबापांनी मुलांना सांगितले आहे? लाटांमधून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा पट्टा वरून शांत दिसतो. त्याने ओढले तर त्याच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे, हे किती शाळांत शिकवतात?

आणि हे शिकावयास फार विद्वत्ता लागते असेही नाही. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होईल. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याचा हा हिशेब. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. ज्या घरात कालनिर्णय टांगलेले आहे, त्या घरात एवढे गणित नसावे? ते कालवे काढणाऱ्या म्हातारीला येत होते. पदवीधर असून मला येत नव्हते. आणि आमच्या घरांतल्या मुलींना तर अजून बेड्यापलीकडे एकटीने जाण्याचीही मोकळीक नसते!

शिवाय केवळ जीव वाचविण्यासाठीच समुद्र ओळखावा असे थोडेच आहे? ओहोटीच्या ओल्या वाळूवर चिमुकले खेकडे अन्नकण चाळून घेतात आणि वाळूच्या गोळ्या मागे टाकतात. त्यांची अशी रांगोळी उठते की पाय ठेववत नाही. भरती ती पुसते, पुढच्या ओहोटीला ती नव्याने घातलेली असते. याच दिवसांत उत्तरेकडून कुरव पक्षी येऊन काठाशी थवे करून बसतात. हे सारे फुकट आहे, आणि आम्ही ओटीवर बसून मुलांना नवे खेळणे कोणते आणावे याचा विचार करतो.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. भाऊबीज म्हणजे कार्तिकातली बीजच. बिजेची पाऊणपट दीड. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी त्या दिवशी फराळाआधी मुलांना, मुलींनाही, मागच्या दाराने समुद्रावर न्यावे, पाणी वळताना दाखवावे आणि नऊच्या आत घरी आणावे. ओवाळणी आल्यावर होईलच. माझा तो मुलगा यंदा आपल्या लेकीला घेऊन येणार आहे. बेडे मी आधीच उघडून ठेवणार आहे.