मेलेल्या पाण्याचं गाव

साउथ ऑफ फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कान, नीस, यॉट आणि भल्यामोठ्या काळ्या गॉगलमधल्या हिरॉइनी. ऑफिसमध्ये सुट्टीचे फोटो दाखवून जळवायचं असेल, तर खुशाल तिकडे जा. पण एक दिवस हाताशी ठेवून नीम स्टेशनवर उतरा आणि तिथून छोटी गाडी पकडा. पाऊण तासात सपाट, दलदलीच्या माळावर अचानक एक दगडी चौकोन उभा राहतो. गावाचं नाव एग-मॉर्त. अर्थ, मेलेलं पाणी. एखाद्या ब्रँड मॅनेजरकडे हे नाव गेलं असतं, तर पहिल्याच मीटिंगमध्ये बाद झालं असतं!

या दलदलीत गाव वसवायचं सुचलं कुणाला? तर फ्रान्सचा राजा नववा लुई याला. त्याला क्रूसेडला जायचं होतं आणि पंचाईत अशी, की भूमध्य समुद्रावर त्याच्या मालकीचं एकही धड बंदर नव्हतं. मार्सेय प्रोव्हान्सच्या सरदाराकडे, मॉन्पेलिए अरागॉनच्या राजाकडे. मग त्याने मठातल्या साधूंकडून ही खारी, डासांनी भरलेली जमीन मिळवली. इथे राहायला येणार कोण? त्यांना करांत घसघशीत सवलती दिल्या. थोडक्यात, तेराव्या शतकातला एसईझेड! 1248 च्या ऑगस्टमध्ये लुई इथूनच निघाला. 1270 मध्ये पुन्हा निघाला, तो ट्युनिसला आजारी पडून वारलाच. गावाभोवतीचा सव्वाएक नव्हे, चांगला 1.6 किलोमीटरचा तट मात्र त्याने पाहिलाच नाही. तो 1272 नंतर त्याच्या मुलाने आणि नातवाने बांधून घेतला.

समुद्र पूर्वी तटाला येऊन भिडायचा, असं सांगणारे बरेच भेटतात. विश्वास ठेवू नका. समुद्र तेव्हाही लांबच होता, जहाजं खाजणातून आणि कालव्यातून यायची. तो कालवा सारखा गाळाने भरायचा. 1481 मध्ये प्रोव्हान्स फ्रान्सच्या राजाकडे आलं, त्याबरोबर मार्सेयही आलं आणि एग-मॉर्तची गरजच संपली. गाव मागे पडलं, म्हणून तर तट शाबूत राहिला. इथे पाडून नवीन टॉवर उभारावा एवढे पैसेच कुणाकडे नव्हते.

तटावरून पूर्ण चक्कर मारता येते. माराच. पण त्याआधी कोपऱ्यातला तो गोल बुरूज, तूर द कॉन्स्तान्स. भिंतींची जाडी सहा मीटर! आत शिरल्यावर बाहेरचं ऊन आणि बाहेरचा आवाज, दोन्ही एकदम बंद. 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि या बुरुजाचा तुरुंग झाला. 1705 मध्ये आब्राम माझेल नावाचा बंडखोर सोळा साथीदारांसह इथून निसटला, तेही दोरावरून लोंबकळत. सिनेमा बनेल अशी गोष्ट आहे, पण मी थबकले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी.

मारी द्युरां. 1730 मध्ये तिला इथे आणलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. गुन्हा? भाऊ प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. दोन वर्षांनी त्या भावाला मॉन्पेलिएत फाशी दिलं. ती मात्र आतच. सुटका अगदी सोपी होती हो, ‘माझा धर्म मी सोडला’ एवढंच म्हणायचं. तिने ते म्हटलं नाही. 1768 मध्ये सुटली. म्हणजे अडतीस वर्षं! आपण नोकरीला लागतो त्या वयात आत आणि व्हीआरएस घेतो त्या वयात बाहेर. वरच्या दालनात मधोमध जमिनीला एक गोल भोक आहे, त्याच्या दगडी कडेवर एक शब्द कोरलाय. अर्थ, ‘प्रतिकार करा’. तो तिनेच कोरला असं परंपरा सांगते, पुरावा नाही. तिची पत्रं मात्र खरीच शिल्लक आहेत. त्यांत सोबतच्या बायकांसाठी मदत मागितलेली असते, आलेल्या पैशांचा हिशोब असतो. मला त्या कोरीव शब्दापेक्षा तो हिशोब जास्त भिडला.

गच्चीवर गेलात की दक्षिणेला गुलाबी पाणी दिसतं. फोटोशॉप नाही, खरंच गुलाबी. ही मिठागरं. खाऱ्या पाण्यातल्या एका सूक्ष्म शेवाळाचा हा रंग. तेच रंगद्रव्य छोट्या कोळंबीसारख्या जिवांमार्फत फ्लेमिंगोंच्या पोटात जातं आणि पिसांत उतरतं. मिठागरांतून फिरवणारी छोटी गाडी आहे, टाइमपास म्हणून झकास.

पण त्या गाडीत बसताना 1893 चा ऑगस्ट माहीत असलेला बरा. मीठ उचलायचा हंगाम होता. कंपनीने फ्रेंच आणि इटालियन मजूर एकाच टोळीत घातले आणि मजुरी लावली कामावर, जेवढं उचलाल तेवढी. इटालियन भराभर उचलायचे, फ्रेंच म्हणायचे हे आम्हाला मागे टाकतायत. त्यात त्या वर्षी बेकारी. ‘बाहेरचे येऊन आमच्या नोकऱ्या घेतात’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकलंय ना? 16 ऑगस्टला मारामारी झाली, संध्याकाळी गावात अफवा पसरली की इटालियनांनी आपली माणसं मारली. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या पहाऱ्यात नेत असलेल्या इटालियनांवर जमाव लाठ्या, दगड घेऊन तुटून पडला. अधिकृत मृतांचा आकडा आठ, काही जण त्याहून जास्त धरतात. डिसेंबरमध्ये आंगुलेमला खटला चालला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. सगळे! इटलीत दंगली उसळल्या, दोन्ही देशांचे संबंध पार बिघडले. मारीच्या बुरुजाइतकीच ही गोष्टही या गावाची आहे, पण स्मरणिकांच्या दुकानांत तिचं मग नाही मिळत.

बाकी गावात दोन तास आरामात जातात. चौकात लुईचा पुतळा, बाजूला साधंसं, लाकडी छताचं नोत्र-दाम-दे-साब्लों चर्च. खायला इथला फुगास घ्या, म्हणजे साखर आणि संत्र्याच्या फुलांचा अर्क घातलेला मऊ पाव. मांसाहारी असाल तर कामार्गच्या बैलाच्या मांसाचा रस्सा, सोबत तिथलाच भात. हो, भात! पलीकडच्या दलदलीत तांदूळ पिकतो. वाइनवाल्यांनी वाळूतल्या द्राक्षांची फिकट गुलाबी ‘ग्री’ मागावी.

जुलै-ऑगस्ट टाळा, गर्दी आणि डास दोन्ही जबरदस्त. सप्टेंबरात मीठ काढणं चालू असतं आणि ऊनही सोसवतं. बुरुजाचं तिकीट सकाळीच काढा, तटावर सावली अजिबात नाही. टोपी न्या.