आकडा जमिनीखालचा, धोका घराचा

जलजला झाला की दूरदर्शनवर सर्वांत आधी आकडा येतो. ५.२, ६.४, ७.७ रिश्टर. आपण तो ऐकतो आणि तेवढ्यावरून भूकंप लहान की मोठा हे ठरवून मोकळे होतो. पण हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. कारण त्याचा संबंध आपल्या भिंतींशी आणि छपराशी आहे.

आधी रिश्टरचे पाहू. बरेच जण समजतात तसे रिश्टर हे यंत्र नव्हे. चार्ल्स रिश्टर हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ. त्यांनी १९३५ साली भूकंप मोजण्याची एक रीत मांडली. जमिनीचे हादरे टिपणारे यंत्र वेगळे, त्याला भूकंपमापक म्हणतात. त्यात एक वजन टांगलेले असते. जमीन हलली तरी ते वजन जवळजवळ जागेवरच राहते, म्हणून जमीन किती सरकली त्याची रेघ कागदावर उमटते. भूकंपाच्या केंद्रापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या ठरावीक यंत्रावर ही रेघ १ मिलिमीटर हलली, तर तो भूकंप ३ रिश्टरचा. १० मिलिमीटर हलली तर ४ रिश्टरचा, १०० मिलिमीटर हलली तर ५ चा.

म्हणजे आकडा एकाने वाढला की हादरा दहापट होतो, आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. ६ आणि ८ मधला फरक कागदावर दोनचा दिसतो, प्रत्यक्षात ऊर्जा हजार पट असते. फार मोठे भूकंप या जुन्या रीतीने नीट मोजता येत नाहीत. म्हणून १९७९ पासून जमिनीखालचा खडक किती लांब-रुंद भागात आणि किती सरकला, यावरून हिशेब करण्याची नवी रीत आली. आज मोठ्या भूकंपाचा आकडा याच रीतीने काढतात. बातम्यांत मात्र ‘रिश्टर’ हे नाव टिकून आहे.

आता दुसरे माप. चुलीवरच्या देगेखाली आच एकच असते, पण जवळ बसलेल्याला चटका बसतो आणि दाराशी उभ्या असलेल्याला नुसती ऊब लागते. भूकंपाचेही तसेच. त्याची शक्ती एकच असते, पण प्रत्येक गावाला बसणारा धक्का वेगळा असतो. हा धक्का मोजायला मर्काली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या पद्धतीवरून तयार झालेली बारा पायऱ्यांची मोजणी आहे. पाचव्या पायरीला झोपलेली माणसे जागी होतात, फळीवरची भांडी पडतात. सहाव्या पायरीला भिंतीचा गिलावा निघतो. आठव्या पायरीला कच्ची घरे कोसळू लागतात. बाराव्या पायरीला काहीच उभे राहत नाही. बातम्यांत दोन्ही मापांना सरसकट ‘तीव्रता’ म्हणतात, आणि इथेच घोटाळा होतो.

आपल्याकडचेच दाखले घेऊ. ११ डिसेंबर १९६७. रमजान सुरू होता. सहरीच्या सुमारास, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना हादरली. आकडा ६.३, मृत्यू सुमारे १८०. मग ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, किल्लारी. आकडा ६.२, म्हणजे कोयनेपेक्षा किंचित कमीच. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली.

आता २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप पाहा. आकडा ७.७. हिशेब केला तर किल्लारीच्या पावणेदोनशे पट ऊर्जा. मृतांचा सरकारी आकडा मात्र १३ हजारांच्या वर. ऊर्जा पावणेदोनशे पट, आणि बळी दुपटीच्याही आत. असे का?

किल्लारीचा भूकंप उथळ होता आणि गावांच्या अगदी पायाखाली झाला. लोक गाढ झोपेत होते. आणि घरे होती दगडमातीची. दोन-दोन फूट रुंद भिंती, दगड सांधायला नुसती माती, वर लाकडावर मातीचा जाड थर घातलेले माळवद. उन्हाळ्यात ही घरे गार राहतात. पण भिंत फुटली की ते सगळे ओझे खाली निजलेल्यांवर येते. उलट कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कित्येकांच्या तळमजल्यावर गाड्यांसाठी मोकळी जागा होती, भिंतीच नव्हत्या. वरचे सगळे वजन काही खांबांवर होते.

तेव्हा घर मातीचे की सिमेंटचे, एवढ्यावरून भागत नाही. वजन कशावर उभे आहे आणि भिंती एकमेकींना बांधलेल्या आहेत का, हे पाहावे लागते. मुलाचे लग्न ठरले की आपण जुन्या घरावर एक मजला चढवतो. गवंड्याला खर्च विचारतो, दिवस विचारतो. जुना पाया हे वजन पेलेल का, हे इंजिनीअरला विचारायचे राहून जाते. विटांचे घर बांधताना दार-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना एकसलग सिमेंट-लोखंडाचा पट्टा घालून घ्या. त्याने चारही भिंती एकत्र बांधल्या जातात. खर्च फार नाही, पण नंतर घालणे अवघड.

उरलेली कामे रविवारच्या दोन तासांची आहेत. लोखंडी कपाट भिंतीला पक्के करा. पलंगाच्या वरच्या फळीवरील पेट्या, जड पातेली खाली उतरवा. धक्के सुरू असताना पक्क्या इमारतीत जिन्याकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरा, डोके झाका. धक्के थांबले की गॅस बंद करून बाहेर या. आजी-आजोबांना कोण हात देणार आणि सर्वांनी कोणत्या मोकळ्या जागी जमायचे, हे आजच जेवताना ठरवून ठेवा.

भूकंप केव्हा येणार, हे आजही कोणतेच यंत्र आधी सांगू शकत नाही. त्याचा आकडा आपल्या हाती नाही. घराची मजबुती मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.