मुळी, मीठ आणि मोजमाप

सर्पगंधेची मुळी भारतीय वैद्यांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. निद्रानाश, मनोविकार, सर्पदंश अशा नाना तक्रारींवर ती दिली जात असे. तिने रक्तदाब उतरतो, असेही काही भारतीय डॉक्टर १९३१ पासून सांगत होते. जगाने मात्र त्याची दखल घेतली ती १९४९ मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना ही मुळी औषध म्हणून दिली, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब टिपून ठेवला आणि निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि रक्तदाबावरील आधुनिक औषधांच्या पहिल्या पिढीत त्याला मानाचे स्थान मिळाले.

या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. औषधाचा वापर वाढला तसे त्याचे त्रासही दिसू लागले. कोणाचे नाक सतत चोंदलेले राही, कोणाला सुस्ती येई, काहींना नैराश्याने घेरल्याच्या नोंदी झाल्या. पुढे कमी त्रासाची औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. वनस्पतीत गुण होता आणि अवगुणही होता, आणि दोन्ही कळले ते मोजल्यामुळे. हृदय, पाठ आणि पोट या तीन दुखण्यांवरचे ‘नैसर्गिक’ उपाय आज औषधांच्या दुकानात, दूरचित्रवाणीवर आणि घराघरांतल्या मोबाइलवर ओसंडून वाहत आहेत. त्यांतला कोणता घ्यावा आणि कोणता सोडावा, हे ठरवताना ‘हे नैसर्गिक आहे का?’ या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. ‘हे कोणी मोजले आहे का?’ हा प्रश्न खरा उपयोगाचा.

आधी हृदय. गुग्गुळाचे उदाहरण बोलके आहे. मेदावर गुग्गुळ द्यावा, या आयुर्वेदातील उल्लेखाचा धागा पकडून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुग्गुळाच्या अर्काचे औषध तयार झाले. भारतातील सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा चित्र उलटे दिसले. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल सुमारे पाच टक्क्यांनी उतरले, तर गुग्गुळ घेणाऱ्यांचे चार ते पाच टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. एका चाचणीने कोणत्याही औषधाचा कायमचा निकाल लागत नाही, हे खरे. पण डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करून त्या जागी गुग्गुळ सुरू करण्याइतका आधार आज कोणाच्याही हाती नाही, हेही तितकेच खरे.

याउलट, ज्याला कोणी औषध म्हणत नाही अशा गोष्टींचा आधार भक्कम आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये ४५९ प्रौढांच्या आहारात मिठाचे प्रमाण तेच ठेवून फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ वाढवण्यात आले. त्यांतल्या उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ अंकांनी उतरला. एखाद्या गोळीने साधारण एवढाच फरक पडतो. मिठाचा हिशेब त्याहून सोपा. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि त्याचा दोष केवळ भाजी-आमटीतल्या मिठाला देता येत नाही. लोणचे, पापड, फरसाण, खारे दाणे, पाव आणि त्याबरोबरची सुकी चटणी यांतून ते नकळत पोटात जाते.

इथेच ‘नैसर्गिक’ या शब्दाची आणखी एक गंमत दिसते. साधे मीठ वाईट म्हणून अनेक घरांत सैंधव किंवा गुलाबी मीठ आले आहे. पण तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. खाणीतून आले म्हणून रक्तदाब त्याला वेगळी वागणूक देत नाही, शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळा मार्ग दाखवला. मिठातला चतुर्थांश भाग पोटॅशियम क्लोराइडचा केल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. कारखान्यात केलेले हे मिश्रण खाणीतल्या ‘शुद्ध’ मिठापेक्षा हितकर निघाले. अर्थात मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठले, तर हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात.

योगाच्या बाबतीतही दावे आणि निष्कर्ष यांत फरक करायला हवा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातील २४ रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. नेहमीच्या औषधोपचारांच्या जोडीला योग केलेल्या रुग्णांत पुन्हा झटका येण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण निर्विवादपणे घटल्याचे दिसले नाही. मात्र त्यांना अधिक बरे वाटत होते आणि पूर्वीच्या दिनक्रमाकडे ते अधिक चांगल्या रीतीने परतले. झटक्यातून उठलेल्या माणसाला पुन्हा जिना चढता येणे आणि बाजारात जाता येणे ही लहान गोष्ट नाही. मात्र हा लाभ औषधे चालू ठेवून मिळाला, ती सोडून नव्हे.

पाठीचे दुखणे हे दुसरे क्षेत्र. उसण भरली की अंथरूण धरायचे, हा घरोघरचा सल्ला. वैद्यकशास्त्रही एके काळी तेच सांगत होते. हेलसिंकी शहरातील १८६ नोकरदारांची १९९५ मध्ये तीन गटांत तपासणी झाली. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तर तिसऱ्याला झेपेल तसे नेहमीचे काम करत राहण्यास सांगितले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट आणि सर्वांत मागे राहिला तो विश्रांती घेणारा. बहुतेक साधी पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात लावलेले तेल, बांधलेला पट्टा किंवा केलेली मालिश यांना बरे केल्याचे श्रेय आयतेच मिळते.

खरा प्रश्न असतो तो दुखणे पुन्हा उलटू नये याचा. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पाठदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालण्याची सवय लावण्यात आली. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, हे उद्दिष्ट होते. न चालणाऱ्या गटात दुखणे परतायला मध्यमानाने ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८ दिवस. जुनाट कंबरदुखीवर जाणत्या शिक्षकाकडून शिकलेली सौम्य योगासने फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरतात, असे अमेरिकेत ३२० रुग्णांवरच्या २०१७ च्या अभ्यासात दिसले. मात्र पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जात असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, ताप किंवा वजनघट असेल, तर चालणे, चोळणे, मणका ‘बसवून घेणे’ यांत एक दिवसही घालवू नये. तो मज्जारज्जूवरील किंवा तिथल्या नसांवरील दाब, जंतुसंसर्ग किंवा गाठ असू शकते.

तिसरे क्षेत्र पोटाचे. इथे एक नैसर्गिक उपाय निकषांवर स्वच्छ उतरला आहे. तो म्हणजे इसबगोल. उत्तर गुजरातेत पिकणारे हे भुसीचे पीक जगभर जाते. नेदरलँड्समध्ये आतड्यांच्या संवेदनशीलतेचा त्रास असलेल्या २७५ रुग्णांवर १२ आठवडे चाचणी झाली. दिवसाला १० ग्रॅम इसबगोलाने लक्षणे कमी झाली, गव्हाच्या कोंड्याने तेवढा फायदा दिला नाही. ते आतड्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे मल मऊ होतो. शिवाय पित्ताम्ल बाहेर जाऊन कोलेस्टेरॉलही थोडे उतरते. म्हणूनच १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयाच्या दृष्टीनेही त्याचा उल्लेख करण्यास परवानगी दिली. मात्र ते ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायचे, नाहीतर घशातच फुगून अडकू शकते. इतर गोळ्यांमध्ये आणि त्यात वेळेचे अंतरही ठेवायचे.

त्याच पोटासाठी आणि हृदयासाठी दुधीचा रस घ्या, असा सल्लाही वर्षानुवर्षे फिरतो आहे. दिल्लीत २०१० मध्ये एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला समिती नेमावी लागली. दुधी, काकडी, पडवळ या कुळातल्या भाज्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. ती वाढली की उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब कोसळणे असा प्रसंग ओढवतो. समितीचा सल्ला साधा होता. रस काढण्यापूर्वी फोड चाखून पाहा, कडू लागली तर फेकून द्या. कडू म्हणजे गुणकारी, ही समजूत इथे जिवावर बेतते. पोट फुगले की घेतली जाणारी फेसाळ पूडही निरुपद्रवी समजली जाते. तिच्यात सोडियम भरपूर असते, आणि रक्तदाबाचा रुग्ण जेवणातले मीठ तोडून ती पूड रोज घेत असेल, तर एका हाताने वाचवलेले तो दुसऱ्या हाताने घालवतो.

मराठी घरांतला सर्वांत धोकादायक नैसर्गिक उपचार मात्र वेगळाच आहे. छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, जीव घाबरणे, आणि त्यावर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा, हिंग, सोडा. पोटाचे आणि हृदयाचे दुखणे आतून सारखे भासू शकते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये तर ते आणखी फसवे असते. हृदयाचा स्नायू रक्ताविना मिनिटामिनिटाला मरत असतो. अशा वेळी ओवा चावत थांबण्याऐवजी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ईसीजी काढून घेणे हाच शहाणपणा. गॅस निघाला, तर आनंदच आहे.

चालणे, मीठ कमी करणे, भाज्या-फळे, इसबगोल, तंबाखू सोडणे यांची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यांत विकण्यासारखे फारसे काही नाही. ती करणे हे सरकारचे आणि पालिकांचे काम आहे. रोज अर्धा तास चाला म्हणायचे आणि पदपथ दुकानांना व वाहनांना सोडून द्यायचे, हे सल्ल्याचे सोंग झाले. खाद्यपदार्थांच्या पाकिटाच्या दर्शनी भागावर मीठ, साखर आणि चरबीचा ठळक इशारा देण्याची चर्चा देशात वर्षानुवर्षे रेंगाळली आहे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना चाप लावणारा कायदा तर १९५४ पासून आहे. हृदयरोग आणि रक्तदाब बरा करण्याचे जाहीर दावे त्यात स्पष्टपणे निषिद्ध आहेत. कायदा जुना झाला, दावे रोज नवे निघतात.

रुग्णाच्या हाती तेवढ्यात काही साध्या गोष्टी उरतात. घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण, रस डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा, आणि डॉक्टरांनीही तो न रागावता ऐकावा. चालणे आणि मीठ कमी करणे मनापासून सुरू करावे, रक्तदाबाचे आकडे वहीत लिहावेत आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळी कमी होईल की नाही, हे त्या आकड्यांवरून डॉक्टर ठरवतील. अनेकांची होतेही. ती परस्पर बंद मात्र करू नये.