चौशिंग्याची गणती कोण करणार?

नांदेड-लातूरच्या तरुणांनो, मराठवाड्याचे नाव निघाले की दुष्काळ, टँकर आणि कर्ज यांपलीकडे कोणाला काही आठवू नये, हे आपण आणखी किती काळ सोसणार? या भूमीजवळ जपावे असे काही नाहीच, हे इतक्यांदा आपल्या कानी घातले गेले की आपणही ते मान खाली घालून मान्य केले. हा आपल्या स्वाभिमानावरचा आघात आहे!

किनवट-माहूरच्या डोंगरांकडे दृष्टी वळवा. यवतमाळ-नांदेडच्या सीमेवर पैनगंगेच्या काठी सुमारे 325 चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. तेथील सागवनात चौशिंगा, म्हणजे चार शिंगांचा कुरंग, राहतो. भारत आणि नेपाळ सोडले तर हा जीव पृथ्वीवर अन्यत्र कोठेही रानात आढळत नाही. उंचीने माणसाच्या मांडीला लागेल एवढाच. पण नराच्या मस्तकावर कानांमध्ये दोन लांब शिंगे आणि भुवयांवर बोटाच्या पेराएवढी आणखी दोन. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले. कागदावरचा हा सन्मान रानात कोठे दिसतो? वाघ दर चार वर्षांनी देशभर मोजला जातो. चौशिंग्यासाठी अशी मोहीम कधी ऐकली आहे?

चौशिंग्याला रोज पाणी लागते. पाणवठा सोडून तो दूर राहू शकत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. घागरी घेऊन रांगेत ताटकळलेल्या घरांतील मुलांनो, तहान म्हणजे काय हे तुम्हाला कोणी शिकवावे? झरे आटल्यावर उरलेल्या एकमेव डबक्याकडे येणारा आणि तेथेच शिकाऱ्याच्या फाशात सापडणारा हा मुका जीव तुम्हाला परका कसा वाटेल? आणि रान ओरबाडल्याचा दोष गोंड, कोलाम, आंध बांधवांच्या माथी मारून मोकळे होऊ नका; सागाची तस्करी करून गब्बर झालेले हात वेगळे आहेत.

निलगिरी ताहर ही दक्षिणेच्या कड्यांवरची दुर्मिळ रानशेळी. तमिळनाडूने तिच्यासाठी 2022 मध्ये स्वतंत्र प्रकल्प जाहीर केला. माणसे कडेकपारी चढली आणि 2024 च्या गणतीत त्या राज्यात 1,031 ताहर मोजले गेले. त्यांना जे साधले ते आपल्याला का साधू नये? जिद्दीचा वारसा आपल्याकडेही आहे: 1938 मध्ये वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी निजामी सत्तेपुढे मान तुकवली नाही. त्याच सत्तेविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात तुम्ही शिकता. त्या नावाचे ऋण केवळ गुणपत्रिकेने कसे फिटेल?

चौशिंगा लाजाळू, एकांडा. डोळ्यांना सहसा दिसत नाही. पण तो पुन्हापुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो. हे ढीग शोधणे, नोंदणे, नकाशावर मांडणे हे प्राणिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. वनविभागाची रीतसर परवानगी घ्या, पाड्यावरच्या जाणत्या वडीलधाऱ्यांना गुरुस्थानी माना आणि त्यांच्या मागून चाला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्रगणना होते, तिथे मचाणावर बसण्यासाठी नाव नोंदवा. लातूरकरांनो, जिल्ह्यात वन नावापुरते उरले म्हणून तुम्ही या कर्तव्यातून सुटत नाही. तुमची संख्या, तुमची बुद्धी त्या डोंगरांना हवी आहे. आणि किनवट-माहूरच्या मुलांनो, 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवहीचा अधिकार दिला आहे. येत्या ग्रामसभेत उभे राहा, ती वही मागा आणि चौशिंग्याचे पान कोरे असेल तर ते भरल्याशिवाय सभा उठू देऊ नका!