चापाचं वजन आणि स्वयंपाकघरातला काटा



या सदरात आपण मापाच्या गोष्टी नेहमीच करतो. पाकाची तार, भाजणीचं प्रमाण, लोकरीचे टाके. आजचं माप मात्र जरा वेगळं आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. त्यांची सोळा वर्षांची लेक १० मीटर एअर रायफलची नेमबाजी शिकते. रायफल जुनी, कुणाकडून तरी विकत घेतलेली. त्या लिहितात, "मुलगी म्हणते चाप फारच हलका वाटतो. तिचे बाबा म्हणतात, हलका असेल तेवढा चांगला. हे घरी मोजून बघता येईल का? आणि मी यात लक्ष घालावं का?"

घालावं, अगदी जरूर घालावं. बंदूक म्हटली की आपण दोन हात लांब सरतो, पण इथे हवी असते ती मोजमापाची चिकाटी, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. शिवाय नाशिकला हा खेळ नवा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजीचे धडे गिरवायला आपल्या नाशिकलाच आला होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यानं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच वैयक्तिक पदक!

आता चापाचं वजन म्हणजे काय? चाप किती जोरानं ओढल्यावर सुटतो, तो जोर ग्रॅममध्ये सांगायचा. स्पर्धेच्या रायफलचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. आधी थोडा सैल येतो, मग बोटाला अडल्यासारखं लागतं, आणि त्यापुढे किंचित दाबलं की 'टक'. हा जोर साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. शंभर ग्रॅम म्हणजे दोन अंडी, नाहीतर द्राक्षांचा एक लहानसा घोस. बोटाच्या टोकावर तेवढंच ओझं!

एअर पिस्तुलाला आंतरराष्ट्रीय नियम आहे, चाप ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. स्पर्धेआधी पंच नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात आणि ते उचलून बघतात. वजन जमिनीवरून सुटायच्या आत चाप पडला, तर पिस्तूल नापास. एअर रायफलला मात्र अशी खालची मर्यादा नाही. म्हणून तर घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं, कारण तिथे पंच काही तुमच्यासाठी मोजणार नाहीत.

हे मी अनुभवानं सांगते आहे. माझ्या नणंदेची मुलगी हाच खेळ खेळते. गेल्या वर्षी जानेवारीत तिची स्पर्धा होती. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी बोटं अशी बधिर झालेली की चापावर बोट टेकलंय की नाही हेच तिला कळेना. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत दोन गोळ्या तिनं नेम धरायच्या आतच सुटल्या. एक तर लक्ष्याच्या बाहेर गेली, म्हणजे शून्य. या खेळात दशांशानं गुण मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. तिथे एक शून्य म्हणजे सगळंच गेलं. घरी आली ती थेट माझ्याकडे. "मामी, माझंच चुकलं. माझा हातच वाईट आहे," म्हणून रडली. आठ दिवस रायफलला हात लावला नाही.

मग एका रविवारी आम्ही दोघी काटा घेऊन बसलो.

साहित्य : स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा, छत्रीच्या काडीचा किंवा जाड तारेचा आकडा, त्यावर चढवायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा (चापावर ओरखडा उठू नये म्हणून), आइस्क्रीमचा रिकामा कप, दोरा, वाटीभर तांदूळ, चमचा, आणि वही-पेन्सिल.

आधी हे करा : छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवून या. रायफल उघडून आत छर्रा नाही हे मुलीनं बघायचं, मग तुम्ही बघायचं. दोघींनीही. लहान मुलांना बाहेर पाठवा. नळीसमोर कुणी उभं राहायचं नाही, रिकामी असली तरी नाही. स्पर्धेच्या रायफलला बहुधा 'ड्राय फायर'ची सोय असते, म्हणजे हवा न सुटता नुसता चाप पडतो. ती लावून घ्या. स्प्रिंगची साधी, नळी मोडून भरायची रायफल असेल तर मात्र घरी हा प्रयोग करू नका. छर्ऱ्याशिवाय ती सोडली की आतला दट्ट्या आपटून खराब होतो. आणि ०.२२ ची परवान्याची रायफल असेल तर तिचं मोजमाप रेंजवरच, प्रशिक्षकांसमोर.

कृती : मुलीनं रायफल नळी वर करून सरळ उभी धरायची. चाप दस्त्याच्या दिशेला ओढायचा असतो, त्यामुळे रायफल उभी केली की टांगलेलं वजन त्याच दिशेनं ओढतं. आकडा चापावर बरोबर तिथे अडकवा, जिथे तिचं बोट टेकतं. हे नीट सांभाळा हं! टोकाशी अडकवला तर कमी वजनात सुटतो, मुळाशी अडकवला तर जास्त लागतं. दाराचं बघा ना, कडीपाशी ढकललं तर सहज लोटतं, बिजागरीपाशी ढकलायला जोर लागतो.

आता आकड्याला कप टांगा आणि चमच्यानं तांदूळ सोडत जा. सुरुवातीला थोडे थोडे, मग अगदी दाणा दाणा. घाई नको, कप हलू देऊ नका. 'टक' झालं की थांबा. आकडा, दोरा, कप, तांदूळ सगळं एकत्र काट्यावर ठेवा. जे वजन येईल ते चापाचं वजन. वहीत लिहा. असं पाच वेळा करा.

आमच्या वहीतले आकडे सांगते : ९२, ९५, ९३, ६१, ९४.

पोरीनं पटकन सरासरी काढली, ८७ आली. म्हणाली, "ठीकच आहे की." मी म्हटलं, "अगं, पाच पोळ्यांतली एक करपली तर सरासरी काढून खाणार आहेस का? या ६१ चं काय?" पुन्हा पाच वेळा मोजलं, पुन्हा एकदा साठीत आला. म्हणजे चाप आपल्या मनानं मधूनच हलका होत होता. तिचा हात वाईट नव्हता! दुरुस्तीवाल्यांनी उघडून दाखवलं, आत जुनं तेल चिकट होऊन धुळीसकट बसलं होतं. साफ केल्यावर पाचही आकडे दोन-तीन ग्रॅमच्या आत आले.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला एवढंच सांगते. सरासरीवर जाऊ नका, सगळ्यांत लहान आकडा बघा. आकड्यांत फार फरक पडत असेल तर रायफल जाणकाराकडे न्या. आकडे एकसारखे पण फारच लहान असतील, तर प्रशिक्षकांकडून चाप थोडा जड करून घ्या. आपण स्वतः स्क्रू फिरवत बसू नका. जड केल्यावर पुन्हा मोजा. मग रिकामी रायफल चाप लावून धरा आणि दस्त्याला हाताच्या तळव्यानं हलकेच थोपटा. तेवढ्यानं चाप पडला तर तो अजूनही धोक्याचा आहे. थंडीच्या दिवसांत आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी एकदा मोजायचंच, अशी सवय लावा.

आणि मुलीच्या बाबांना सांगा, हलका चाप म्हणजे चांगला नेमबाज असं काही नसतं. गोळी सुटायची ती मुलीनं ठरवल्यावर, त्याच्या आधी नाही. एवढं जमलं की पुरे.

आमची भाची या जानेवारीत पुन्हा स्पर्धेला उतरली. नंबर नाही आला. पण साठच्या साठ गोळ्या तिच्या मनासारख्या सुटल्या, आणि घरी आल्यावर तिनं आधी वही मागितली. मला तेवढ्यानंच समाधान झालं.

तांदूळ मात्र निवडून पुन्हा डब्यात घालायला विसरू नका बरं का!