चाकांवरचे बिऱ्हाड

दसरा उलटला, की कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटू लागते. बीड, पाथर्डी, शेवगाव, जत, मंगळवेढा या भागांतून निघालेले ट्रॅक्टर आपल्यामागे दोन-दोन ट्रेलर ओढीत पंचगंगा, वारणा आणि कृष्णा यांच्या काठांवरील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रेलर बनविलेला असतो उसासाठी. पण येताना त्यात संसार भरलेला असतो. बाजरीची पोती, पाण्याचे पिंप, पत्र्याची पेटी, तवा-परात, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, खुराड्यातील कोंबड्या. आणि या साऱ्यावर दाटीवाटीने बसलेली चार-सहा कुटुंबे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पुढले पाच-सहा महिने, त्यांना दुसरे घर नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणतात. यांचे चाकांवर असते.

परदेशांत निवृत्त मंडळी राहते घर विकून मोटारीमागे जोडलेल्या फिरत्या घरात वर्षानुवर्षे राहतात. ती हौस आता आपल्याकडेही येऊ घातली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले; ओटा, बिछाने आणि न्हाणीघर असलेली वाहने भाड्याने घेऊन समुद्रकिनारी अथवा गडाच्या पायथ्याशी मुक्काम करावा, अशी ती कल्पना. व्यापारी कुटुंबांना ती आवडण्यासारखी आहे, कारण स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले, की परगावी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची चिंता उरत नाही. परंतु वर्षातील निम्मा काळ रस्त्यावर काढणारा समाज महाराष्ट्राने त्यापूर्वी कित्येक पिढ्या पाहिला आहे. त्याला कोणी पर्यटक म्हटले नाही, एवढेच.

या स्थलांतराचा आणि साखर धंद्याचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात रावळगाव आणि आजचे वालचंदनगर येथे ऊसमळे व कारखाने उभे केले. पुढे सहकाराचे युग आले. कोल्हापूर जिल्ह्यात गंगानगरला रत्नाप्पा कुंभार, वारणानगरला तात्यासाहेब कोरे, हुपरीला कल्लाप्पाण्णा आवाडे अशा मंडळींनी कारखाने उभारले आणि आज जिल्ह्यात वीसहून अधिक धुराडी हंगामात पेटतात. ऊस पिकला, पण तो तोडण्यास तेवढे स्थानिक हात नव्हते. ते दुष्काळी भागातून आले. प्रारंभी ही माणसे लाकडी चाकांच्या स्वतःच्या बैलगाड्या जुंपून, वाटेत मुक्काम करीत, तांड्याने येत. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या फार वाढली. लाकडी चाक जाऊन रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर आला. मुकादम, उचल आणि ‘कोयता’ म्हणून मोजले जाणारे नवरा-बायकोचे जोडपे ही व्यवस्था मात्र बदलली नाही.

टायरगाडीवर काम करणारी कुटुंबे कारखान्याच्या आसपास एका अड्ड्यावर राहतात. बहुधा गाडी कारखान्याची असते, बैल कामगाराचे. जोडपे पहाटे अंधारात फडावर जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधून गाडीत रचते आणि दीड-दोन टन, कधी त्याहूनही अधिक ऊस घेऊन कारखान्याच्या आवारात येते. तेथे रांग असते. गव्हाणीपर्यंत पोहोचण्यास कधी चार तास, कधी अख्खी रात्र. एवढा वेळ बैल जुंपलेले असले, तर त्यांच्या मानेवरचा भार उतरत नाही. गाडी पुढे जड भरली, की सारे ओझे जुवावर येते; मागे जड झाली, की गाडी उलार होते आणि बैलांचा गळा आवळला जातो. म्हणून गाडी भरणे हे नुसते बळाचे काम नाही. जाणता गडी आसाच्या पुढे-मागे मोळ्यांचा तोल असा राखतो, की जू मानेवर हलके टेकलेले राहावे. तो तोल साधला नाही, की खांदेसूज येते, कातडी सोलवटते आणि हंगामाच्या मध्यावर बैल बसतो. डांबरी रस्त्यावर खूर घसरू नयेत म्हणून पत्र्या मारून घ्याव्या लागतात, त्या झिजल्या की पुन्हा. गाडीच्या आसाला वंगण, टायरात पुरेशी हवा, या गोष्टी वरकरणी गाडीच्या निगेच्या; पण चाक जड फिरले, की त्याचा हिशेब बैलाच्या मानेवर मांडला जातो.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपणाची गणना आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. आपल्या शेतातील ऊस दुसऱ्याच्या गाडीतून गेला, की ओझे कोणी लादले हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कायद्याने तो विचारला आहे. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या जनावरांविषयी नियम झाले. जनावरास दिवसात नऊ तासांहून अधिक जुंपू नये, सलग पाच तासांहून अधिक विश्रांतीवाचून राबवू नये, आणि तापमान ३७ अंशांपलीकडे जाते अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन या वेळात कामाला लावू नये, असे ते सांगतात. वजनाच्या मर्यादाही त्यांत आहेत. मार्चच्या उन्हात भरल्या गाडीसह रांगेत उभ्या असलेल्या बैलांना हे नियम ठाऊक नाहीत आणि बहुतेकदा गाडीवानालाही नाहीत.

या बाबतीत एक चांगली गोष्ट शेजारच्या सांगली जिल्ह्यात घडली. वाळवा तालुक्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑटोमोबाईल शाखेच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये गाडीच्या पुढच्या भागाला, बैलांच्या जुवाजवळ, आधाराचे एक तिसरे चाक बसविले. गाडी चालताना आणि थांबलेली असतानाही पुढचा भार त्या चाकावर जातो आणि मान मोकळी राहते. त्याची छायाचित्रे देशभर फिरली, कौतुकही पुष्कळ झाले. कौतुक फुकट असते. चाक विकत घ्यावे लागते. गाडी कारखान्याची, बैल कामगाराचे, ऊस बागायतदाराचा. मग ते चाक कोणाच्या खर्चाने बसवावयाचे?

ट्रॅक्टरच्या टोळ्यांचे जीवन याहून निराळे. त्या एका जागी राहत नाहीत. या गावचा ऊस संपला, की कोपी मोडावयाची, ताडपत्री गुंडाळावयाची आणि सारे सामान पुन्हा ट्रेलरमध्ये टाकून पुढल्या गावी जावयाचे. ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर सहसा स्थानिक वाहनमालकाचे असतात. कर्ज काढून तो ते घेतो, कारखान्याशी करार करतो आणि टोळीसाठी मुकादमाला लाखो रुपयांची उचल देतो. मुकादम पैसे घेऊन आलाच नाही, किंवा टोळी अर्ध्या हंगामात पळाली, म्हणून जमीन विकावी लागलेले वाहनमालक कोल्हापूर-सांगली भागात गावोगाव आढळतात. जयसिंगपूर, इचलकरंजीच्या पेढ्यांवर बसणाऱ्यांना ही रड नवी नाही. या ओढाताणीत ज्या खर्चाला सर्वांत आधी कात्री लागते, तो खर्च असतो ट्रेलरच्या निगेचा.

ट्रेलर ही दिसावयास अगदी साधी वस्तू आहे. लोखंडी सांगाडा, आस, चाके, पाटे आणि पुढे ओढण्याची दांडी. इंजिन नाही, म्हणून त्यात बिघडण्यासारखे काही नाही असा समज आहे. वास्तविक बहुतेक ट्रेलरना स्वतःचा ब्रेकही नसतो. मागे वीस टनांच्या आसपास ऊस आणि त्याला आवरावयाला पुढे एकटा ट्रॅक्टर. शाहूवाडी, राधानगरीकडील उतारांवर याचा अर्थ काय होतो, ते चालकच जाणोत. ट्रॅक्टर आणि पहिला ट्रेलर, तसेच पहिला आणि दुसरा, यांना जोडणारी असते एक पिन. खड्ड्याखड्ड्यांतून धक्के खाऊन ती झिजते, तिचे भोक लंबगोल होते, चाप निसटतो. एके दिवशी चढावर मागचा ट्रेलर सुटतो आणि मागून येणाऱ्यांवर चाल करून जातो. पिनेच्या जोडीला आधाराची साखळी अडकविलेली असली, तर तो तेथेच अडतो. पण साखळी पुष्कळदा नसते, किंवा असते ती दुसऱ्याच कामाला लागलेली.

चाकांचेही तसेच. बेअरिंगमधील ग्रीस वाळले, की हब तापतो. अनुभवी चालक थांबा घेतला, की चहाच्या आधी प्रत्येक हबला हात लावून पाहतो. हात ठेववत नसेल, तर पुढे जाण्यात शहाणपण नाही. चाकाचे नट ढिले होतात, पाट्याचे एखादे पान तुटते, वर्षभर उन्हात उभ्या ट्रेलरच्या जुन्या, रिमोल्ड केलेल्या टायरची पट्टी भर वेगात सोलून निघते. एखाद्या ट्रेलरच्या चाकाची हवा रात्री गेली, तर तो आहे तेथेच, रस्त्यावर उभा राहतो. चालक भोवती दगड मांडतो आणि मिस्त्रीला आणावयास जातो. पहाटे चाक बदलून ट्रेलर निघून जातो. दगड तेथेच राहतात.

रात्रीचा धोका सर्वांत मोठा आहे. मागे लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांखाली दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जातात, आणि काळोखात काळा ट्रेलर उभा आहे हे दुचाकीस्वाराला अगदी जवळ आल्यावर कळते. दुकान वाढवून सांगलीहून जयसिंगपूरला अथवा इचलकरंजीहून हातकणंगल्याला परतणाऱ्या कोणालाही हा अनुभव असेल. नियम सोपा आहे: पुढे पांढरा, बाजूंना पिवळा, मागे तांबडा रिफ्लेक्टर. हंगामाच्या तोंडाशी परिवहन विभाग आणि कारखाने तो लावण्याची मोहीम काढतात, छायाचित्रे निघतात. जानेवारी उजाडेपर्यंत पट्ट्या चिखलाने माखतात आणि उसाच्या घासण्याने सुटतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे एवढीच त्यांची निगा. गाण्यांसाठी ट्रॅक्टरवर भलेमोठे कर्णे बसविण्यास पैसे मिळतात, आणि त्या आवाजात मागच्या गाडीचा भोंगाही ऐकू येत नाही. तांबड्या पट्टीला मात्र पैसे मिळत नाहीत.

ट्रेलर हे वाहन आहे, तसे ते घराचा आडोसाही आहे. फडात दुसरी सावली नसते. आई ऊस तोडीत असताना तान्ह्याची झोळी ट्रेलरच्या दांडीला टांगलेली असते, आणि थोरले मूल दुपारी चाकांमध्ये पोते अंथरून झोपते. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहणे हा त्यामुळे निगेचाच भाग ठरतो. घाईत तो राहून गेल्याने उसाच्या फडात लहान मुले दगावली आहेत. बाईचा दिवस पहाटे तीन-चारला भाकरी थापण्याने सुरू होतो. पाणी लांबून, न्हाणी ताडपत्रीच्या आडोशाला, शौचाला उघडे रान. आजारपणाचा खाडा मजुरीतून कापला जातो. या कष्टांपायी बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा २०१९ मध्ये शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावीच राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. कोल्हापुरात ‘अवनि’ या संस्थेने वीटभट्टी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांना शाळेत आणण्याचे काम चिकाटीने केले आहे. तरीही दर सहा महिन्यांनी ज्याची शाळा बदलते, त्याच्या हजेरीपटावर नाव असते आणि अक्षरओळख नसते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती रास्तच होती. त्या करारात दर टनाचा होता. कोपीजवळच्या नळाचा आणि शाळेच्या बाकाचा दर असा कोठे ठरत नाही.

व्यापारी पेढीवर वस्तूची किंमत ठरते ती वाहतूक धरून. साखरेच्या पोत्यात तोडणी आणि ओढणी येते, टायरच्या दुकानात रिमोल्डचा नफा येतो, बागायतदाराच्या बिलातून तोडणी-वाहतूक वजा होते. पिनेची झीज, साखळी, तांबडी पट्टी आणि जुवाखालचे चाक यांना मात्र कोणत्याच वहीत खाते नाही. वाहनमालक म्हणतो, कारखान्याने द्यावे. कारखाना म्हणतो, वाहन तुमचे. कामगाराला तर कोणी विचारीतच नाही. काही कारखाने करार करतानाच रिफ्लेक्टर देतात आणि ते नसलेला ट्रेलर वजनकाट्यावर घेत नाहीत. हा उपाय सर्वांत कमी बोलका आणि सर्वांत परिणामकारक दिसतो, कारण काटा चुकवून ऊस आत जाऊ शकत नाही. संचालक मंडळांत बसणाऱ्या आपल्या मंडळींच्या हातात तो ठराव आहे.

मार्च-एप्रिलात पट्टा पडतो. उचल फिटली का, अंगावर किती राहिले, हे मुकादम सांगतो आणि कोपी मोडल्या जातात. ट्रेलर पुन्हा एकदा पिंप, पेट्या आणि माणसे घेऊन दुष्काळी वाटेला लागतात. परत आल्यावर ते मालकाच्या परड्यात, बाभळीखाली उभे राहतात. पावसाळ्याचे चार महिने साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात, तेव्हाच हे ट्रेलरही जागच्या जागी असतात. बेअरिंग उघडण्यास, पिन बदलण्यास, पाटे तपासण्यास आणि दिव्यांच्या तारा नव्याने ओढण्यास तेवढीच सवड मिळते. श्रावणात उद्यमनगरातील लोहारकाम करणाऱ्यांना काम कमी असते, मजुरीही जरा उतरलेली असते. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मात्र तेथे रांग लागते, आणि मग पिन बदलण्याऐवजी वेल्डिंगचा एक टाका मारून ट्रेलर बाहेर पडतो.