स्पर्धा कोणाची, कोणाशी?

भिलाईच्या रेल मिलमधून 130 मीटर लांबीचा अखंड रूळ बाहेर पडतो. असे दोन रूळ जोडले की 260 मीटरचे पॅनेल तयार होते. मीटरला 60 किलो धरले तरी एका पॅनेलचे वजन साडेपंधरा टनांवर जाते. सेक्शनवर ते उतरवताना त्याचे एक टोक खाली जखडून गाडी हळूहळू पुढे काढावी लागते. त्या वेळी लोको पायलट, गार्ड, मेट आणि ट्रॅकमन यांचे एकमेकांकडे लक्ष नसेल तर कोणाचा तरी पाय जातो, हे रेल्वेबंधूंना आम्ही सांगायला नको.

टपालाचेही तसेच आहे. खिडकीवर घेतलेले पत्र सॉर्टिंग, थैली, मेल गार्ड असे हातोहात पुढे जाते, तेव्हा कुठे पोस्टमन ते दारात नेतो. यातला कोणता हात 'पहिला' आला? प्रश्नच हास्यास्पद आहे. पण हल्ली नेमका हाच प्रश्न आपल्याला रोज विचारला जातो. बचत खाती आणि विमा यांची उद्दिष्टे माणशी वाटली जातात, कोण मागे पडला त्याची यादी व्हॉट्सॲपवर फिरते. स्पर्धेशिवाय माणूस कामच करत नाही, असे वरचे लोक गृहीत धरून चालले आहेत.

स्पर्धा मुळातच वाईट असे आमचे म्हणणे नाही. कबड्डीच्या मैदानावर ती हवीच. उत्कृष्ट पोलाद कारखान्याचा पंतप्रधान चषक भिलाईने वारंवार जिंकला, त्याचा अभिमान तिथल्या कामगाराला का वाटू नये? आमचा प्रश्न एवढाच आहे की चषक मिळाल्यावर वाटणीत कोणाकोणाचे नाव असते.

या प्रश्नाची मोठी किंमत भिलाईच्या पंचक्रोशीने मोजली आहे. 1955 च्या भारत-सोव्हिएत कराराने हा कारखाना उभा राहिला आणि 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली. भट्टीला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून रेल्वेनेच येई. खाणीत कायम कामगार होते आणि त्यांच्या बरोबरीने खनिज फोडणारे, भरणारे हजारो कंत्राटी स्त्री-पुरुषही होते. बोनसचा करार झाला तेव्हा कायम कामगाराला 308 रुपये आणि कंत्राटी कामगाराला 70 रुपये ठरले. व्यवस्थापनाच्या सहीशेजारी मान्यताप्राप्त संघटनांच्याही सह्या होत्या, हे विसरून चालणार नाही. 1977 साली कंत्राटी कामगार बाहेर पडले, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची संघटना बांधली. 2 आणि 3 जून 1977 च्या गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले. त्यांच्या स्मरणार्थ या कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. ते 1983 साली सुरू झाले, आणि शेतकऱ्यांनाही खुले राहिले. ज्यांना 70 रुपयांचे मानले होते त्यांनी दवाखाना बांधला! नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईतच हत्या झाली.

आपल्या बोनसचा इतिहास याहून वेगळा नाही. 8 मे 1974 ला सुरू झालेल्या रेल्वे संपाच्या मागण्यांत बोनस होता. वीस दिवसांनी संप मागे घ्यावा लागला, हजारो तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या. पण 1979-80 पासून उत्पादकतेशी निगडित बोनस मिळू लागला. त्याची एक खुबी फारशी कोणी बोलून दाखवत नाही. तो साऱ्या रेल्वेच्या मिळून झालेल्या कामावर ठरतो. गेटमन आणि लोको पायलट यांना दिवस सारखेच मिळतात, अलीकडे ते 78 आहेत. शेजारच्याचा कमी झाला म्हणून आपला वाढत नाही. त्यामुळे शेजारच्याला मदत करण्यात कोणाचेही नुकसान नाही. पण त्याच फलाटावर झाडू मारणारा, डबे धुणारा कंत्राटी कामगार या हिशेबात नाही. राजहऱ्याची 308 आणि 70 ची रेघ आज आपल्या फलाटावरून जाते.

हीच रेघ घरातही शिरते. भिलाई हे आयआयटी परीक्षेच्या तयारीसाठी नावाजलेले गाव, 2016 पासून तिथे आयआयटीही आहे. मुले हुशार आहेत, मेहनती आहेत. पण क्रमांकाच्या यादीत एक वर चढला की दुसरा उतरतोच, म्हणून वही लपवायला मुले लवकर शिकतात. वास्तविक एकाने दुसऱ्याला गणित समजावले तर दोघांचेही गणित पक्के होते. दहावीच्या वर्गात ज्याला हे उमगले नाही, त्याला पुढे गँगमध्ये कोण शिकवणार?

आणि शिकवायला वेळ मिळतोच असे नाही. 12 जून 2014 रोजी भिलाई कारखान्यात पाण्याची वाहिनी फुटली, विषारी वायू पसरला आणि सहा जण दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. वायूने कोणाची श्रेणी विचारली नाही. अशा जागी 'हे माझे काम नाही' किंवा 'आधी आकडा पूर्ण करा' असे म्हणणारा माणूस सर्वांनाच धोक्यात घालतो. धोका दिसताच काम थांबवणाऱ्याला मागे पडलेला ठरवू लागलो, तर कोणीच काम थांबवणार नाही.

तेव्हा येत्या पीएनएम बैठकीसाठी शाखांनी तीन मुद्दे आताच लिहून पाठवावेत. माणशी उद्दिष्टांच्या याद्या जाहीर करणे बंद व्हावे, उद्दिष्ट असेलच तर ते कार्यालयाचे असावे. कंत्राटी सफाई कामगारांना त्यांचा कायदेशीर बोनस मिळाला की नाही, याचा लेखी तपशील प्रशासनाने ठेवावा आणि तो संघटनेला दाखवावा. आणि सुरक्षा समितीच्या बैठकीला त्यांच्यातला एक जण बोलावला जावा. तिसऱ्या मुद्द्याला प्रशासनाआधी आपल्याच काही शाखांतून विरोध होईल, याची आम्हाला कल्पना आहे. त्या शाखांनीही आपले म्हणणे लिहून पाठवावे, आम्ही ते छापू.